चौदा लाखांपैकी तुमचे किती?

प्रश्न: माझे वय ३९ असून मी कोल्हापुरात लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतो. थोरल्या भावाबरोबर चौदा वर्षे चालवलेला स्टुडिओ यंदा वाटणीत त्याच्याकडे गेला आणि माझ्या वाट्याला उपकरणे आली. आता पत्नी व पाचवीतल्या मुलीला घेऊन डेहराडूनला नव्याने सुरुवात करायची आहे, कारण मसुरी-ऋषिकेश भागातल्या लग्नांना दर चांगला मिळतो. घरखर्च महिना ४५ हजार आहे. माझ्याकडे १४ लाख आहेत. त्यांपैकी ६.५ लाख बँकेत आहेत, ज्यात पुढच्या सीझनच्या नऊ तारखांचा ॲडव्हान्सही आला. बँकेतल्या मॅडमनी सुचवलेल्या ८ टक्क्यांच्या योजनेत २.५ लाख आहेत आणि उरलेले ५ लाख कॅमेरे, लेन्स व लाइटमध्ये आहेत. दिवाळी झाली की निघू. इथल्या तारखांना विमानाने येऊन जाईन. ४ लाखांचा नवा कॅमेरा संच रोखीने घ्यावा की विनाव्याज हप्त्यांवर?

उत्तर: तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्याचे आहे आणि ते शेवटी देतो. त्याआधी ज्या चौदा लाखांच्या भरवशावर तुम्ही घर हलवायला निघाला आहात, ते मोजायला हवेत, कारण पत्र वाचताना मला ते कुठेच सापडले नाहीत.

बँकेतल्या साडेसहा लाखांपासून सुरुवात करू. नऊ लग्नांचे प्रत्येकी ४० हजार, म्हणजे ३.६ लाख रुपये हा विसार आहे. ज्यांनी तो दिला, त्यांची लग्ने अजून लागायची आहेत. तुम्ही एकही फोटो काढलेला नाही, सेकंड शूटरला (जोडीच्या छायाचित्रकाराला) पैसे दिलेले नाहीत, अल्बम छापलेला नाही. काही कारणाने तुम्ही त्या तारखेला उभे राहू शकला नाहीत, तर ही रक्कम परत द्यावी लागेल. काम पूर्ण होईपर्यंत ती शिल्लक नव्हे, देणे आहे. राहिले २.९ लाख. गेल्या सीझनचे सहा अल्बम अजून द्यायचे असल्याचे तुम्ही पत्राच्या खाली जाता जाता लिहिले आहे. त्यांच्या छपाईचे प्रत्येकी पंधरा हजार धरले, तर आणखी ९० हजार गेले. उरले दोन लाख.

उपकरणांचे पाच लाख ही त्यांची खरेदीची किंमत आहे. आज विकायला काढलीत तर एवढे येणार नाहीत, आणि विकलीत तर कमावणार कशावर? सुताराने करवत बचतीत धरू नये, तसेच हे आहे. या रकमेवर काट मारा.

आता त्या योजनेकडे येतो, कारण सर्वांत मोठी चूक तिथे झाली आहे आणि पुढच्या महिन्यात ती दुप्पट होणार आहे. तुम्ही सोबत जोडलेला कागद मी नीट पाहिला. ही ठेव नाही, बोनस देणारी आयुर्विमा पॉलिसी आहे. दरवर्षी २.५ लाख याप्रमाणे दहा वर्षे भरायचे आणि विसाव्या वर्षाच्या अखेरीस पैसे घ्यायचे. कागदावर शेजारी शेजारी दोन रकाने आहेत, एकावर ४ टक्के आणि दुसऱ्यावर ८ टक्के असे लिहिले आहे, आणि तुमची सही दोन्ही रकान्यांच्या खाली आहे. हे दर म्हणजे तुम्हाला मिळणारे व्याज नव्हे. कंपनीच्या गुंतवणुकीवर समजा एवढा परतावा मिळाला तर तुमच्या हाती काय पडेल, हे दाखवण्यासाठी नियमाने ठरवून दिलेली ती दोन गृहीतके आहेत, आणि त्यांतून कंपनीचा खर्च, एजंटचे कमिशन व विम्याची किंमत वजा झाल्यावरची रक्कम खाली छापलेली असते. बँकेतल्या बाईंनी तुम्हाला आठचा रकाना दाखवला आणि त्याच्या डोक्यावरचा आकडा व्याज म्हणून सांगितला. ही दिशाभूल आहे. असे कागद माझ्याकडे इतक्या वेळा आले आहेत की आता तो रकाना पाहूनच संताप येतो.

हिशेब करू. भरायचे २५ लाख. आठच्या रकान्यात विसाव्या वर्षी ५७ लाख दिसतात. दुपटीहून अधिक म्हणून ते भरघोस वाटतात, पण वर्षाचा परतावा साडेपाच टक्क्यांच्याही आत आहे. चारच्या रकान्यात ३४ लाख आहेत, म्हणजे जेमतेम दोन टक्के. हेच हप्ते सात टक्क्यांनी वाढले असते, तर सुमारे ७३ लाख झाले असते. ‘भरलेले अडीच लाख वाया जातील, म्हणून पुढे चालू ठेवतो’ असे तुम्ही म्हणाल, तर तोही हिशेब मांडून पाहा. पहिला हप्ता पूर्ण बुडाला असे समजा आणि उरलेले नऊ हप्ते सात टक्क्यांनी वाढवा. विसाव्या वर्षी ६३ लाख होतात. सगळे गमावूनही तुम्ही पॉलिसीच्या चांगल्या रकान्यापेक्षा पुढेच राहता. अडीच लाख वाचवण्यासाठी साडेबावीस लाख गुंतवायचे नसतात.

शिवाय तो दुसरा हप्ता येणार कुठून? तुमचे स्वतःचे दोन लाख आहेत आणि हप्ता अडीच लाखांचा आहे. खात्यातून तो निघेल, खाते तक्रार करणार नाही, पण त्यातला काही भाग तुम्हाला तारीख देऊन बसलेल्या नवरा-नवरींचा असेल. म्हणून सांगतो, हा हप्ता भरू नका, आणि आपोआप वजा होण्याची सूचना बँकेला दिली असेल तर ती या आठवड्यातच लेखी रद्द करा.

फ्री लूकचे, म्हणजे नको असलेली पॉलिसी परत करण्याचे, तीस दिवस कधीच उलटले आहेत. मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल आणि पॉलिसीचे पहिले वर्ष संपले असेल, तर काही समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत येणारी रक्कम, मिळते. पूर्वी एका हप्त्यावर हाती काहीच येत नसे. वर्ष पूर्ण झाले की ही रक्कम किती, हे कंपनीकडून लेखी मागवा. त्याच वेळी चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकल्याची तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. बाईंचा ‘एफडीसारखेच आहे, ८ टक्के पक्के’ हा व्हॉट्सॲप संदेश तुमच्याकडे आहे, तो जोडा आणि त्याची प्रत जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते; तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. हे सारे कोल्हापूरचा पत्ता सोडण्यापूर्वी सुरू करा. पैसे येतील तेव्हा येतील, आजच्या हिशेबात ते शून्य धरा.

तुमच्या मागे पत्नी आणि मुलगी आहे, तेव्हा विमा हवाच, पण तो साधा मुदतीचा (टर्म इन्शुरन्स). तुमच्या वयाच्या निरोगी, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला एक कोटीच्या संरक्षणासाठी वर्षाला साधारण पंधरा ते वीस हजार पडतात. अडीच लाखांची ही पॉलिसी २५ लाखांचे संरक्षण देत होती. मुदत विमा हाती आल्यावरच जुनी पॉलिसी सोडा.

म्हणजे चौदा लाखांचे झाले दोन लाख. डेहराडूनला भाडे धरून तुमचा खर्च महिना ६० हजार होईल. दोन लाख तीन महिने आणि थोडे दिवस पुरतील, आणि त्यातूनच ट्रक, घराची अनामत व शाळेचा प्रवेश भागवायचा आहे. नऊ लग्नांसाठी डेहराडूनहून कोल्हापूरला दोघांनी, सामानाच्या जादा वजनासह, येण्याजाण्याचे एका फेरीला ३० हजार धरले, तरी २.७ लाख होतात. ही योजना पहिल्या फेरीतच तुटते.

तरीही तुम्ही जाऊ नये, असे मी म्हणत नाही. भावाच्या स्टुडिओसमोरून रोज जाण्यापेक्षा दूर जावेसे वाटणे मला पूर्ण समजते. फक्त एप्रिलमध्ये जा. नऊ लग्नांचे प्रत्येकी १.२ लाख, म्हणजे १०.८ लाख. त्यातून माणसे, अल्बम, प्रवास मिळून प्रत्येकी ५० हजार प्रमाणे साडेचार लाख वजा करा आणि ऑक्टोबर ते मार्चचा घरखर्च २.७ लाख वजा करा. उरतात ३.६ लाख. तुमचे दोन लाख मिळवले की ५.६ लाख होतात, आणि हे सगळे तुमचे. स्थलांतराला सव्वा लाख गेले तरी सात महिन्यांची तरतूद हाती राहते.

सात महिन्यांची तरतूद हवीच, ही अट तिथल्या पंचांगातून येते. उत्तरेत मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत खरमास या अशुभ मानल्या जाणाऱ्या महिन्यामुळे लग्ने थांबतात. नंतर जूनअखेरपर्यंत थोडा सीझन मिळतो. मग देवशयनी एकादशीपासून चातुर्मास लागतो आणि वर डोंगरातला पाऊस असतो. काम पुन्हा उघडते ते नोव्हेंबरच्या सुमारास. तुम्ही पहिल्याच वर्षी प्रत्येकी अडीच लाखांची चौदा लग्ने धरली आहेत. बाहेरून येणारे वऱ्हाड अनेकदा आपला छायाचित्रकार सोबतच आणते, आणि डेहराडूनमध्ये तुमचे काम पाहिलेले एकही घर अजून नाही. पाच लग्ने, प्रत्येकी ८० हजार, एवढेच धरा. त्याहून जास्त झाले तर मला खरोखर आनंद होईल. सीझनमध्ये रिकामी तारीख असेल, तेव्हा तिथल्या एखाद्या छायाचित्रकाराकडे सेकंड शूटर म्हणून दोन दिवस काम करून या. जुलैत कोणाला फोन करायचा, हे त्या दोन दिवसांत कळेल.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. जीएसटीची नोंदणी राज्यानुसार असते. तुमचा क्रमांक २७ ने सुरू होतो, उत्तराखंडचा ०५ ने, त्यामुळे तिथे नोंदणी लागली तर ती नवी घ्यावी लागेल आणि इथली, शेवटचे बिल होऊन विवरणपत्र भरल्यावर, रद्द करावी लागेल. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ तिथे राहणार असेल, तर पुनर्नोंदणी आणि इथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. उपकरणांचा विमा वाहतुकीतले नुकसान धरतो का, हे ट्रकमध्ये खोकी चढण्याआधी विचारा.

आता तुमचा प्रश्न. नवा संच रोखीने घेऊ नका आणि हप्त्यांवरही घेऊ नका. विनाव्याज हप्त्यात व्याज बहुधा गेलेल्या सवलतीच्या रूपाने तुम्हीच भरता, वर प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी लागतो. एखाद्या लग्नाला लेन्स कमी पडली, तर त्या दिवसापुरती भाड्याने आणा. आणि आजच दुसरे बचत खाते उघडून त्यात ३.६ लाख हलवा. ज्या लग्नाचा अल्बम घरी पोहोचेल, त्याचेच ४० हजार तिथून काढा.