स्टॅफर्डशायर कुत्र्यांची जोडी खरोखर जुनी आहे, हे कसे ओळखावे?

इंग्लंडमधील एका दुकानात पाहिलेली स्पॅनियल जातीच्या, लांब कानांच्या कुत्र्यांच्या मातीच्या मूर्तींची जोडी अंगभर बारीक भेगा असल्याने व्हिक्टोरियाकालीन (1837 ते 1901) मानावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते भेगांवर मुळीच विसंबू नये. नकली मूर्तींच्या झिलईवर अशा भेगा मुद्दाम पाडून त्यांत तपकिरी रंग मुरवला जातो, त्यामुळे सर्वांगावर एकसारखे ठसठशीत जाळे दिसले की मी चार हात दूरच राहतो.

मी सर्वप्रथम मूर्ती उलटी करून पाहतो. एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ स्टॅफर्डशायर परगण्यातील स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामाच्या गावाच्या परिसरातील कारागीर मातीची पोळी साच्याच्या दोन भागांत हाताने दाबून ते भाग जोडत, आणि भाजताना आतली हवा निघून जावी म्हणून टाचणीने टोचल्यासारखे लहानसे छिद्र ठेवत. शतकाच्या अखेरीस साच्यात पातळ माती ओतण्याची पद्धत रुळली. उरलेली माती काढून टाकावी लागत असल्याने अशा मूर्तीच्या तळाला बोट जाईल एवढे भोक असते आणि ती हाताला हलकी लागते. मोठे भोक म्हणजे नक्कल असे मात्र नाही, कारण त्याच परिसरातील लाँगटनच्या सॅम्पसन स्मिथसारख्या कारखान्यांतून हे कुत्रे विसाव्या शतकातही निघत होते.

त्यानंतर गळ्यातील साखळी आणि कुलूप पाहावे. जुना सोनेरी मुलामा मधाच्या रंगाचा, मऊ आणि हात लागेल तिथे झिजलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचा मुलामा आरशासारखा चकाकतो. पुढचे पाय धडापासून सुटे घडवलेले असतील, तर ते जास्त मेहनतीचे आणि म्हणून महागडे काम समजावे. दोन्ही चेहरे हाताने रंगवलेले असल्यामुळे भुवया आणि मिशांचे ठिपके तंतोतंत जुळत नाहीत. जुळले, तर शंका घ्यावी.

चुकलेली शरीररचना मात्र नकलेची खूण नव्हे. स्टॅफर्डशायरमध्येच घडवलेल्या झेब्र्यांच्या जुन्या मूर्तींच्या मानेवर घोड्याची लांब आयाळ रुळताना दिसते, कारण घोड्याच्याच आकृतीवर पट्टे रंगवून झेब्रे केले जात. माझ्या संग्रहातील सर्वांत लाडकी वस्तू असाच एक झेब्रा आहे.

आपल्या जोडीच्या तळाला मोठे भोक असेल आणि किंमत 1850 च्या सुमारास घडवलेल्या जोडीची सांगितली जात असेल, तर घासाघीस जरूर करा. उशिराच्या काळाच्या भावात मिळाली, तर ती जोडी घ्यायला हरकत नाही.