हसू आलं तर येऊ द्या

जवळचं माणूस गेल्यापासून प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत, असं तुम्ही म्हणालात. नाही फुटले तरी चालेल. देवापुढे रडा, भांडा, 'का?' म्हणून विचारा. ज्याच्यावर विश्वासच नाही, त्याच्याशी कोण भांडतं?

पहाटे तीन-चारला जाग येते, ती वेळ सगळ्यात अवघड. तेव्हा लांबलचक प्रार्थनेच्या नादी लागू नका. पाठ असलेली एकच ओळ हळू आवाजात, सूर लांबवत म्हणा. गाताना श्वास सावकाश सुटतो आणि छातीतली धडधड खरंच उतरते.

गेलेल्या माणसाची एखादी खोड आठवून मधेच हसू फुटेल, आणि लगेच अपराधी वाटेल. ते हसू दाबू नका हो! माझ्या मते तीही प्रार्थनाच, कृतज्ञतेची. दुःख संपल्यावर आनंद येईल म्हणून वाट बघू नका. दोन्ही एकाच दिवशी, कधी एकाच तासात येतात.

सामूहिक प्रार्थना मात्र चुकवू नका. गावंसं वाटलं नाही तर नुसतं बसा, तुमच्या वाटचं बाकीचे म्हणतील. आणि जेवण-झोप उडाली, जगणंच नकोसं वाटू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आमच्यापैकी कुणाला तरी सोबत घेऊन.