पडलं की लगेच परत घोड्यावर?

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी रायडिंग क्लासला जाते. दुडक्या चालीत घोडा बुजला आणि ती डोक्यावर पडली. हेल्मेट होतं, शुद्ध हरपली नाही. भीती बसू नये म्हणून सरांनी दोन मिनिटांत परत बसवलं. रात्री डोकं दुखलं, मळमळलं. सीटी स्कॅन नॉर्मल आहे. रविवारी पाठवू का? – एक आई, पुणे

उत्तर : नको. सीटी स्कॅन काढतात तो रक्तस्राव किंवा कवटीचं फ्रॅक्चर शोधायला. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, त्यात दिसत नाही. बहुतेकांची त्यात शुद्धही हरपत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, उजेड सहन न होणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं यावरून ते ओळखायचं.

‘लगेच परत बस’ ही तालमीतली जुनी रीत. गुडघा खरचटला असेल तर चालेल. डोक्याला मार असेल तर पडलेल्याच्या ‘मी ठीक आहे’ला काही किंमत नाही, कारण लक्षणं काही तासांनीही उमटतात. तोल आणि प्रतिसाद मंदावलेला असताना परत पडण्याची शक्यता वाढते, आणि न सावरलेल्या मेंदूला दुसरा धक्का लहान वयात क्वचित जिवावर बेततो. भीती पंधरा दिवसांनीही घालवता येते.

पहिले २४ ते ४८ तास आराम, मोबाइल कमीत कमी. घरात हिंडायला हरकत नाही. मग झेपेल तसं चालणं, अर्धा दिवस शाळा, पुढे पूर्ण शाळा. त्रास वाढला की एक पायरी मागे. मुलांना पूर्ण सावरायला चार आठवडेही लागतात. फुटबॉलमध्ये धक्काबुक्कीविना सराव करता येतो. घोड्यावर तशी सोय नाही, कारण उभ्या घोड्यावरूनही माणूस पडतो. म्हणून ‘नुसतं चालीवर बसू दे’ हेसुद्धा डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच. आधी सरांच्या हातातल्या लांब दोरीवर संथ चाल, मग दुडकी. उडी सर्वांत शेवटी.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका (फिट) येणं, जागं करूनही न उठणं, एका बाजूला अशक्तपणा, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव यांपैकी काहीही दिसलं तर, स्कॅन नॉर्मल असला तरी, थेट इस्पितळ गाठा.

प्रश्न : पडताना डोक्यावर होतं तेच हेल्मेट पुढे चालेल का? बाहेरून ओरखडाही नाही. आमचे सर तर म्हणतात, पंचवीस वर्षं बसणाऱ्याला हेल्मेट कशाला? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : बदला. आतला फोम एकदाच दबतो आणि धक्का शोषतो. तो पुन्हा फुगत नाही, आणि हे बाहेरून कळत नाही. सायकलचं हेल्मेट नको. घोडेस्वारीच्या हेल्मेटची अणकुचीदार कडेवर आपटूनही चाचणी होते. आत ‘एएसटीएम एफ११६३’ किंवा ‘पास ०१५’ असा सुरक्षा मानकाचा शिक्का पाहा. कड भुवईच्या वर एक-दोन बोटं हवी, आणि पट्टा न लावता डोकं हलवलं तर कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकायला हवी. अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही. अर्थात कवटी वाचवणं हे त्याचं मुख्य काम. डोकं गर्रकन वळून मेंदूला बसणारा हादरा ते पूर्ण थोपवू शकत नाही.

सरांच्या अनुभवाबद्दल एवढंच : अमेरिकेची ऑलिंपिक ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा प्रकार) स्वार कोर्टनी किंग-डाय २०१० मध्ये सरावात घोडा अडखळून पडली, तेव्हा डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ती जवळजवळ महिनाभर कोमात होती. अडखळणारा घोडा स्वाराचा अनुभव विचारत नाही. तरी ड्रेसाजमधली टॉप हॅट, म्हणजे हेल्मेटऐवजी घालायची उंच टोपी, आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या स्पर्धांतून पुरती हटायला २०२१ उजाडलं!

प्रश्न : माथेरानला मुलांना घोड्यावर बसवायचं आहे. घोडेवाला लगाम धरून चालतो, मग धोका काय? – ठाणे

उत्तर : डोकं जमिनीपासून सहा-सात फुटांवर असतं, तेवढा. हेल्मेट मागा, नसेल तर घरून न्या. लहानग्याला मांडीत घेऊन बसू नका. बसण्याआधी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, घट्ट आहे का ते घोडेवाल्याकडून तपासून घ्या. तो सैल असेल तर खोगीर स्वारासकट पोटाखाली फिरतं. चप्पल घालू नका. पाय रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार गेला, तर पडल्यावर घोडा फरपटत नेतो. थोडी टाच असलेले बूट घाला आणि रिकिबीत फक्त चवडा ठेवा.