गिऱ्हाईकाकडे आधी तू काहीतरी माग

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, सोबतचा साठेखताचा, म्हणजे पुढे विकण्याच्या कराराचा, मसुदाही दोनदा वाचला. दापोलीचं घर आणि मागची चौदा गुंठ्यांची वाडी मिळून पंचेचाळीस लाख, सगळे रोख म्हणजे बिनकर्जाचे, घर आहे त्या स्थितीत, पंधरा दिवसांत व्यवहार पुरा. गिऱ्हाईक सज्जन वाटतं, आईशी आदराने बोललं, देवघरापाशी हात जोडले, असं तू लिहिलंयस. असेलही सज्जन. पण माझं आयुष्य वकिलाच्या कचेरीत दस्त लिहिण्यात गेलं आणि त्या टेबलापलीकडे बसणारे सगळेच आदराने बोलायचे. पैसे देणारे आणि बुडवणारे, दोघेही.

रोखीत घेणारा माणूस म्हणजे लबाडच, असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या जुन्या चिरेबंदी घरांवर आणि शेतजमिनीवर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. त्यामुळे गावात गिऱ्हाईक येतं ते बहुतेक स्वतःचा पैसा घेऊनच. घाईच्या बदल्यात तो भाव थोडा पाडणार, कौलं बदलायचा खर्च धरणार, यातही काही वावगं नाही. पडलेला भाव ही फसवणूक नव्हे. फसवणूक असते ती ठरलेला भाव हातात न पडण्यात.

आता एक गोष्ट बघ. आजवर त्याने तुझ्याकडून काय काय मागितलं? सातबारा, आठ अ, घरपट्टीच्या पावत्या, बाबांचा मृत्यूचा दाखला, आत्याचा फोन नंबर. तू त्याच्याकडे काय मागितलंस? काहीच नाही. माणूस पारखायची माझी एकच रीत आहे: त्याच्याकडे काहीतरी माग आणि तो कसा वागतो ते बघ.

पहिलं मागणं शेतकरी दाखल्याचं. घराखालची जागा गावठाणात असली तरी वाडी सातबाऱ्यावर शेती म्हणूनच आहे. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि तशी विकली तर व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होण्यापर्यंत पाळी येऊ शकते. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या खऱ्या गिऱ्हाईकाला हे ठाऊक असतं. तो स्वतःचा किंवा वडिलांचा सातबारा बॅगेतच घेऊन फिरतो. "ते आमचे वकील बघतील", "आपण कंपनीच्या नावावर घेऊ", "सध्या तुमच्याच नावावर राहू दे, मला फक्त मुखत्यारपत्र द्या" अशी उत्तरं आली की सावध हो. तिसरं उत्तर सगळ्यात वाईट. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट सांगितलंय. म्हणजे कागदोपत्री मालक तू राहशील, भानगडी तुझ्या नावावर राहतील, आणि घराचे निर्णय मात्र तो घेईल.

दुसरं, आधी कुठे घेतलंय ते विचार. "कोकणात बरीच घरं घेतली" असं तो म्हणाला ना? मग गाव आणि गट नंबर माग. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि गट नंबर टाकला की सूची क्रमांक दोन उघडते. कुणी कुणाला किती किमतीला दिलं, ते त्यात दिसतं. नाव जुळलं तर सरळ त्या गावी जा. हर्णै काय, आंजर्ले काय, अर्ध्या दिवसाचं काम आहे. विकणाऱ्याला एवढंच विचार: शेवटचा हप्ता कधी मिळाला? लोक खरं सांगतात, विशेषतः मिळाला नसेल तर. ई-कोर्टच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने दावे शोधता येतात, तेही बघून घे. एखादा दावा असला म्हणून लगेच घाबरू नकोस, कोकणात दावा नसलेलं घराणं शोधावं लागेल. पण एकाच माणसावर चार-पाच विक्रेत्यांचे दावे दिसले, तर मग पुढे विचारायचं काही उरत नाही.

आता पैशाचं. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण निम्मी घरं इथेच अडकतात. पंचेचाळीसपैकी वीस लाख दस्तात दाखवू आणि पंचवीस नोटांनी देऊ, म्हणजे टॅक्स वाचेल, असं तो म्हणाला. कुणाचा वाचेल? मुद्रांक शुल्क दस्तातली किंमत आणि बाजारमूल्य यांत जे जास्त त्यावर लागतं, त्यामुळे वीस लिहून त्याचं शुल्कही फारसं वाचत नाही. त्याला सोय आहे ती हिशेबाबाहेरचा पैसा घरात मुरवण्याची. तुझ्या बाजूने बघ. रेडीरेकनरचं, म्हणजे सरकारी दरतक्त्याचं, मूल्य दस्तातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघालं, तर घराच्या विक्रीवरचा भांडवली नफा रेडीरेकनर धरूनच मोजतात. शिवाय १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांनी घेतली, अगदी इसार म्हणजे आगाऊ रक्कम म्हणून घेतली, तरी तेवढाच दंड होऊ शकतो. आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. म्हणजे पंचवीस लाख नोटांनी घेतलेस तर पंचवीस लाखांचा धोका तुझ्या डोक्यावर.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. दस्तात वीसच लिहिले आणि "संपूर्ण मोबदला पावला" असं लिहून तू सही केलीस, की उरलेले पंचवीस मागायला तुझ्याकडे कागद राहत नाही. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कितीतरी घरांची छपरं उडाली. त्यानंतर "आहे त्या स्थितीत घेतो" म्हणणारी मंडळी वाडीवाडीतून फिरली. आमच्या कचेरीत एक म्हातारं जोडपं आलं होतं. दस्तातले पैसे मिळाले होते, वरचे "फेरफार झाल्यावर", म्हणजे सातबाऱ्यावर नवं नाव लागल्यावर, मिळणार होते. फेरफार झाला, फोन उचलणं बंद झालं. वकिलांनी कागद चाळले आणि गप्प बसले. दावा काय लावणार?

तेव्हा त्याला सरळ सांग: पूर्ण रक्कम दस्तात आणि पूर्ण रक्कम बँकेतून. तिथेच तो विरघळला तर बरंच झालं. तयार झाला तर पैसे कुणाच्या खात्यातून येणार ते विचार. दस्तात लिहून घेणार म्हणून ज्याचं नाव, त्याच्याच खात्यातून यायला हवेत. मेहुण्याच्या, मित्राच्या, भलत्याच फर्मच्या खात्यातून आले तर उद्या तो मेहुणाच हक्क सांगायला येतो. आरटीजीएस असेल तर यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा क्रमांक, दस्तात लिहिला जाऊ दे. डिमांड ड्राफ्ट असेल तर बँकेच्या शाखेत स्वतः फोन करून खात्री कर, आणि नंबर त्याने दिलेला नको, तू शोधलेला. मोबाईलवर दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. दुय्यम निबंधक तुझी ओळख पटवतो, अंगठा आणि फोटो घेतो, पण पैसे पोचले का हे बघायला तो बसलेला नसतो. खात्यात रक्कम जमा दिसली की सही. आधी सही आणि मग बँकेत जाऊ, असं म्हणणाऱ्याला हसून सांगायचं, बँक जवळच आहे, आधी तिकडेच जाऊ.

मसुद्यातल्या दोन वाक्यांखाली मी रेघा मारल्यात. एक: "लिहून घेणार किंवा ते सांगतील त्या व्यक्तीच्या नावे खरेदीखत करून देण्याचे". दुसरं: मुदत अकरा महिने, इसार एक लाख. पंधरा दिवसांत व्यवहार करणाऱ्या माणसाला अकरा महिने कशाला हवेत? हा माणूस घर घेत नाहीये. लाखभर देऊन तुझं घर अडकवून ठेवतोय, आणि तेवढ्यात चढ्या भावाचं दुसरं गिऱ्हाईक शोधणार. सापडलं तर फरक त्याच्या खिशात, नाही सापडलं तर तू ताटकळत. नोंदवलेलं साठेखत रद्द करायलाही त्याची सही लागते. सही नाकारून तो करारपूर्तीच्या दाव्याला गेला तर वर्षं जातात, तोवर दुसरं कुणी तुझ्या घराकडे फिरकत नाही. अशी दलाली करू नये असं नाही, पण दलालाने दलाल म्हणून यावं, गिऱ्हाईक म्हणून नव्हे. ते "किंवा ते सांगतील" काढायला सांग, मुदत साठ दिवस कर, आणि मुदतीत पैसे आले नाहीत तर काय होणार ते स्पष्ट लिहून घे. चेहरा कसा होतो ते बघ.

ताबा तर अजिबात देऊ नकोस. "तोवर साफसफाई करून घेतो, गडी ठेवतो" हे फार गोड वाक्य आहे. नोंदवलेल्या करारावर ताबा दिलास आणि आपली बाजू पाळायला तो तयार आहे असं त्याने दाखवलं, तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याच्या ताब्याला संरक्षण देतो. मग पैसे अर्धे आणि घर पूर्ण त्याच्याकडे, अशी अवस्था.

तू तक्रार केलीस की मागच्या वर्षीचं ठाण्याचं गिऱ्हाईक फार त्रास देत होतं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट हवा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस हवी, आत्याची सही हवी, पाणंदीच्या वहिवाटीचा पुरावा हवा. अगं, त्रास देणारं गिऱ्हाईकच पैसे देतं! स्वतःचे पंचेचाळीस लाख घालणारा माणूस सातबाऱ्यावरच्या इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं नाव आहे का, हे बघणारच. हा नवा गृहस्थ काहीच बघत नाही, आत्याचं नाव वारस म्हणून लागलंय तरी "तो विषय नंतर बघू" म्हणतो, याची मला जास्त काळजी वाटते. ज्याला कागदातल्या अडचणीचं काही वाटत नाही, त्याचा त्या कागदात पैसा अडकणार नसतो. किंवा तुझा एकटीचा हिस्सा घेऊन पुढे वाटपाचा दावा लावायचा, आणि आत्याला कंटाळवून तिचाही हिस्सा पाडून घ्यायचा, असा बेत असतो. दोन्ही प्रकार मी पाहिलेत.

आत्याला फोन कर. त्याने करण्याआधी तू कर. तिला कमी आकडा सांगून तुमच्यात तेढ घालणं ही जुनी खेळी आहे, आणि ती शिमग्याला-गणपतीला चाकरमानी घरी जमले की खेळली जाते. कारण तेव्हा सह्या करणारे सगळे एकाच ओटीवर सापडतात, आणि परतीच्या गाडीची घाईही असते.

उद्या संध्याकाळपर्यंत सांगा नाहीतर दुसरं घर बघतो, असं तो म्हणालाय ना? बघू दे. कोकणात घरांना तोटा नाही, आणि खरं गिऱ्हाईक वकिलाने कागद बघेपर्यंत थांबतं. कागद बघायला तुझा वकील तूच नेम. "आमचा वकील दोघांचंही बघेल, तुमचा खर्च वाचेल" हे मान्य करू नकोस. आधारची झेरॉक्स द्यायचीच झाली तर त्यावर आडवं लिही, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली. मूळ दस्त मात्र दाखवायचे, द्यायचे नाहीत.

मसुदा दुरुस्त करून उलट टपाली पाठवतोय. त्याला तो तसाच फॉरवर्ड कर, वर एक ओळसुद्धा लिहू नकोस. उत्तर काय येतं ते मला कळव, आणि तोवर इसाराचा चेक खात्यात भरू नकोस.

तुझा
काका