डोळे मिटून रागावणं

“मॅडम, आमचं कुठं चुकलं?” हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की समुपदेशनाला आलेले आईवडील समोर कसे बसतात यावरूनच तो येणार हे कळतं. मूल बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत सगळं सुरळीत असतं. चर्चच्या उपासनेला येतं, शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, बायबलची वचनं पाठ म्हणतं, नाताळच्या नाटकात मेंढपाळ होतं. मग एके रविवारी म्हणतं, “मी नाही येणार.” आणि घराचा पायाच खचल्यासारखं होतं.

त्यातल्याच एका घराबद्दल लिहिते, ओळख पटणार नाही इतकं बदलून. मुलगा पंधरा वर्षांचा. वडील चर्चच्या प्रत्येक कामात पुढे, आई शब्बाथ शाळेत शिकवणारी. रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना. तीन महिन्यांपासून मुलगा त्या वेळी खोलीचं दार लावून बसायचा. वडिलांनी शेवटी दाराची कडीच उचकटून काढली होती.

“लहानपणी दिलेलं शिक्षण म्हातारपणीही सुटत नाही, असं बायबलमध्ये नीतिसूत्रे २२:६ मध्ये आहे,” वडील म्हणाले. “मी दिलं की शिक्षण. मग हा असा का?”

या वचनाने किती आईवडिलांची झोप उडवली असेल! नीतिसूत्रे हे शहाणपणाचं पुस्तक आहे. जगात बहुधा काय घडतं ते सांगतं, हमीपत्र लिहून देत नाही. मी त्यांना बायबलमधल्याच १ शमुवेल या पुस्तकाचा आठवा अध्याय उघडायला सांगितला. शमुवेलासारख्या संदेष्ट्याचे दोन्ही मुलगे लाच घेऊन न्याय फिरवत होते. आणि तिथे शमुवेलाला कुणी दोष दिलेला नाही. आईने ते दोनदा वाचलं आणि पदर डोळ्यांना लावला. वडील मात्र कोरडेच राहिले.

मी घराकडे एकत्र बघणारी बाई आहे. ‘बिघडलेलं मूल’ माझ्याकडे आणून सोडलं जातं, पण मला बघायचं असतं ते त्या घरात कोण कुणाशी कसं बोलतं ते. म्हणून मुलगा एकटा भेटला तेव्हा मी त्याला देवाबद्दल काही विचारलंच नाही. म्हटलं, “तुमच्याकडची प्रार्थना मला करून दाखव ना.”

त्याने डोळे मिटले, आवाज जड केला. “हे प्रभू, ह्या लेकराला सुबुद्धी दे. त्याचं मन मोबाइलमधून काढ. आज तो आईला उलट बोलला, त्याची त्याला जाणीव करून दे.” मग डोळे उघडून म्हणाला, “पप्पा देवाशी बोलतच नाहीत. डोळे मिटून मला रागावतात. आणि मला उत्तरही देता येत नाही, कारण प्रार्थना चालू असते.”

इतक्या वर्षांत हे असं कुणी सांगितलं नव्हतं. पोराने देव सोडला नव्हता. वडिलांनी देवाला आपल्या बाजूचा साक्षीदार केलं होतं आणि पोर त्या खटल्यातून उठून गेलं होतं.

पुढच्या भेटीत त्याने हेच दोघांसमोर सांगितलं. वडील गप्प. आई हळूच म्हणाली, “कधीकधी माझ्या खर्चाबद्दलही प्रार्थना होते.” हसू आवरायला मला खाली बघावं लागलं.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं वचन विश्वासणाऱ्या आईवडिलांना तोंडपाठ असतं: घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांना शिकवा. पण ते सातव्या वचनाशी थांबतात. विसाव्यात मुलगा विचारतो, या आज्ञांचा अर्थ काय? आणि बापाने काय उत्तर द्यायचं? ‘असंच असतं’ नव्हे, ‘देव शिक्षा करील’ही नव्हे. त्याने म्हणायचं, “आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो.” (मिसर म्हणजे इजिप्त, फारो तिथला राजा.) म्हणजे नियमाचं कारण विचारलं, तर आपली गोष्ट सांगायची. मी वडिलांना विचारलं, “तुमचा मिसर कोणता? याला ठाऊक आहे?”

बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, “धंदा बुडाला त्या वर्षी मी उपासनेत नुसते ओठ हलवत होतो. आत काही नव्हतं.”

“तुम्ही?” मुलगा सरळ बसला. “मम्मीला माहीत होतं?”

“कुणालाच नाही.”

त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही, आणि ते मला जमलं याचा थोडा अभिमान आहे.

नंतर एकच नेम दिला: तीन आठवडे घरात प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल प्रार्थना करायची, दुसऱ्याचं नाव घ्यायचं ते आभार मानायला. पहिल्या रात्री वडिलांची प्रार्थना अर्ध्या मिनिटात संपली म्हणे.

“मग उपासनेला नेण्याची सक्तीच करू नये का?” असं मला सारखं विचारतात. लहान मुलाला न्यावं, बोट धरून. त्यात अपराधी वाटून घेऊ नये. वाढत्या मुलाच्या बाबतीत घराची वेळ मोडू नका, पण त्याने त्यात बसावं की नाही हे त्याच्यावर सोडा. शंका विचारली तर लगेच पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, पाठवू नका. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारत होता. आणि चुकलात तर मुलाची माफी मागा, तीही डोळे उघडे ठेवून. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (६:४) मुलांना प्रभूच्या शिस्तीत वाढवायला सांगितलंय. त्याआधी, त्याच वचनात, त्यांना चिरडीस आणू नका असं आहे. तो अर्धा भाग घाईत वाचला जातो.

मुलगा अजून दर रविवारी जात नाही. कडी मात्र वडिलांनी स्वतः परत बसवली. शेवटच्या भेटीला ते एकटेच आले, जरा घाबरलेले. आदल्या रात्री प्रार्थना संपल्यावर मुलगा दारात उभा राहून म्हणाला होता, “पप्पा, ओठ हलवत होतात तेव्हा नेमकं काय म्हणत होतात?”

“आता याला काय उत्तर देऊ, मॅडम?”

मी म्हटलं, “मला काय विचारता? मी कुठे होते तिथे?”