प्रबंधाचा विषय उंदरांवरच्या शस्त्रक्रियेचा: मुलीला करू द्यावा का?

इंदूरच्या टिळक नगरातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बी.फार्म. होऊन आता फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधं शरीरात काय करतात त्या शास्त्रात, एम.फार्म. करते आहे. गाइडनी तिला प्रबंधासाठी विषय सुचवला आहे: उंदरांच्या पोटाची शस्त्रक्रिया करायची, त्यानंतर शरीरात उठणारा दाह (इन्फ्लमेशन) मोजायचा आणि एका औषधाने तो उतरतो का ते पाहायचं. घर शाकाहारी. हे ऐकल्यापासून आजींनी नातीशी अबोला धरला आहे. आई विचारतात: हे पाप नाही का? मुलीला झेपेल का? आणि प्राण्यांवरचे प्रयोग बंद होणार म्हणतात, मग यात पुढे काय?

ताई, आधी हे काम कशासाठी करतात ते सांगते. पोट उघडून आतडी हाताळली की शरीर त्याला घावच समजतं. पोटातल्या संरक्षक पेशी काही तासांत टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडतात आणि यकृत निराळी प्रथिनं बनवायला लागतं. हाच तो दाह. तो बेताने झाला तर जखम भरते. हाताबाहेर गेला तर आतडी सुस्तावतात, पोट फुगतं, रुग्णाचं घरी जाणं लांबतं. दुर्बिणीने पित्ताशय काढलेला माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. मोठा छेद घेतलेल्या रुग्णापेक्षा त्याच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ कमी चढतं, हे अशा मोजण्यांतूनच कळलं.

खरी परीक्षा मोजण्यात आहे. अडीचशे ग्रॅमच्या रॅटच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या, अंगात रक्त जेमतेम १६ मिली. एका वेळी दीड मिलीच्या वर घेतलं तर रक्त गेल्याचाच परिणाम आकड्यांत उतरतो. टीएनएफ तास-दोन तासांत चढून उतरायला लागतं, इंटरल्यूकिन-६ त्यानंतर वर जातं. सॅम्पलची वेळ चुकली की हाती काही लागत नाही. आपल्या लॅब रिपोर्टात असतं ते सीआरपी, म्हणजे यकृताचं दाह दाखवणारं प्रथिन, माणसात शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. रॅटमध्ये मात्र ते एरवीही भरपूर असतं आणि फारसं हलत नाही, म्हणून तिथे अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन हे दुसरं प्रथिन पाहतात. तिच्या सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या आराखड्यात) नुसतं सीआरपी लिहिलं असेल, तर तिने गाइडना कारण विचारावं. गटही नीट हवेत: एकाला फक्त भूल, दुसऱ्याचं पोट उघडून लगेच टाके, तिसऱ्याची आतडीही हाताळलेली. हे नसेल तर दाह भुलीचा, छेदाचा की हाताळणीचा, ते कसं कळणार?

वेदनाशामकाबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे. मेलॉक्सिकॅमसारखं औषध दाहच दाबतं, म्हणून आकडे बिघडतील या भीतीने काही ठिकाणी प्राण्याला वेदनाशामक द्यायचंच टाळतात. हे क्रूर तर आहेच, शास्त्रालाही धरून नाही. कळा सोसणाऱ्या प्राण्याच्या अंगात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि तीही दाहाच्या आकड्यांत ढवळाढवळ करतात. ब्युप्रेनॉर्फिनसारखं अफूच्या वर्गातलं वेदनाशामक सर्व गटांना सारखंच देता येतं. त्यानेही आतड्यांची हालचाल मंदावते, हे हिशेबात धरावं लागतं. शिवाय ते नियंत्रित यादीतलं आहे, त्याची कागदपत्रं आधीपासून करावी लागतात. तुमची मुलगी यासाठी गाइडशी अदबीने पण ठामपणे बोलू शकेल का, हे मला तिच्या मार्कांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

झेपण्याचं म्हणाल, तर टाके घालणं हात शिकतो. कठीण असते पुढची रात्र. भुलीत थंड पडलेलं अंग गरम पॅडवर ठेवायचं, खाणं भिजवून मऊ करून द्यायचं, रोज वजन करायचं. दुखत असलेला रॅट पाठ वाकवून कोपऱ्यात बसतो, अंगावरचे केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले आणि कडांना तांबूस स्राव. हे ओळखायला चेहऱ्यावरच्या खुणांची एक मोजपट्टी २०११ पासून वापरात आहे. ठरलेल्या मर्यादेपलीकडे हाल दिसले, तर प्रयोग अर्धा राहिला तरी त्या प्राण्याला वेदनारहित मरण द्यावं लागतं. आणि आजींपासून लपवू नका, बहुतेक प्राणी शेवटी मारलेच जातात, कारण ऊती तपासायच्या असतात.

पापपुण्याचा निर्णय मी तुमच्या घरासाठी देऊ शकत नाही. कायदा काय म्हणतो ते सांगते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ चे नियम आहेत. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी नसेल तर एकाही रॅटवर प्रयोग करता येत नाही. समितीत पशुवैद्य असतो, बाहेरचे सदस्यही असतात. प्राण्यांची संख्या का हवी, याचा हिशेब द्यावा लागतो.

बी.फार्म.च्या अभ्यासक्रमात प्राण्यांचे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर होतात, त्यामुळे तिने जिवंत रॅट बहुधा हातात घेतलेलाच नसेल. विषय पक्का करण्याआधी तिने आठ-पंधरा दिवस, प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये नुसतं हाताळणं, पिंजरे, वजनं करून पाहावं. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. गाइडचं पत्र घेऊन तिथे शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा पाहता आली तर फारच उत्तम.

भविष्याचं म्हणाल, तर अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस आणि भारताने २०२३ मध्ये नियम बदलून पेशी, चिपवर वाढवलेल्या ऊती, संगणक अशा पर्यायांना वाट करून दिली. प्राण्यांचा वापर घटेल, आणि घटायलाच हवा. पण आतडं, यकृत आणि मेंदू मिळून घावाला काय उत्तर देतात, ते बशीतल्या पेशी अजून पुरतं दाखवू शकत नाहीत. अहमदाबाद, पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडच्या औषध कंपन्या आणि करारावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत अशी माणसं लागतात. एलायझा (रक्तातली ही रसायनं मोजायची चाचणी) आणि आकडेवारी हाताशी असेल, तर पुढे रुग्णांवरच्या संशोधनाकडेही वळता येतं.

अ‍ॅनिमल हाउसमधून आल्यावर ती नको म्हणाली, तर तिला भित्री ठरवू नका. गाइडना सांगून विषय बदलता येतो. हाच दाह पेशींवर अभ्यासता येतो, किंवा एखाद्या रुग्णालयातल्या सर्जनच्या सहकार्याने, रुग्णांची संमती आणि समितीची परवानगी घेऊन, त्यांच्या रक्तातही मोजता येतो. हो म्हणाली, तर आजींशी तिने स्वतःच बोलावं. तिच्या वतीने तुम्ही नको.