ओल्या भिंतीला रंगाची घाई नको

प्रश्न : चिपळूणजवळच्या गावात आमचे जांभ्या दगडाचे, चाळीस वर्षांपूर्वीचे घर आहे. माजघराच्या भिंतींना दर दिवाळीपूर्वी पुट्टी भरून प्लॅस्टिक इमल्शन देतो. परंतु पुढच्या पावसाळ्यात जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत रंग फुगून त्याचे पोपडे पडतात. या वेळी रंगाऱ्याने आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्यायला सांगितले आहे. ते द्यावेत का?

उत्तर : देऊ नयेत. एखादा पोपडा हलक्या हाताने उचलून त्याची मागची बाजू पाहा. तिथे कापसाच्या तंतूंसारखी पांढरी भुकटी आढळेल. हा लोणा. जांभा सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि येताना क्षार घेऊन येते. भिंतीचा पृष्ठभाग मोकळा असेल, तर पाण्याची वाफ होऊन जाते आणि वर राहिलेला लोणा केरसुणीने झाडता येतो. प्लॅस्टिक रंगाच्या पापुद्र्याने ही वाट बंद केली, की क्षाराचे स्फटिक त्याच्या पाठीमागे वाढतात आणि त्याला भिंतीपासून सुटा करतात. म्हणजे दोष रंगाच्या प्रतीचा नाही, आणि बहुधा रंगाऱ्याच्या हाताचाही नाही. वॉटरप्रूफ रंगाने ओल नाहीशी होणार नाही. बाहेर पडायला जागा न मिळाल्याने ती आणखी वर चढेल.

पहिले काम घराबाहेरचे आहे. पागोळ्यांचे पाणी जोत्यावर उडते का, पन्हळ गळते का, अंगणातली माती साचून जोत्याच्या वर आली आहे का, हे पाहून घ्यावे आणि पाणी भिंतीपासून दूर वाहील असा उतार काढावा. त्यानंतर आतली फुगलेली पुट्टी, ओलीच्या खुणेच्या वर फूटभरापर्यंत, खरवडून काढावी. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडावा; पाण्याने धुतला, तर तो विरघळून पुन्हा भिंतीतच जिरतो.

मग थांबावे. दिवाळीला घर रंगवलेले असावे, ही इच्छा मला समजते. पण कोकणात पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो आणि चार महिने पाणी प्यायलेली जाड भिंत दोन-तीन आठवड्यांत सुकत नाही. या दिवाळीला ती भिंत तशीच राहू द्यावी. जानेवारी-फेब्रुवारीत दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि एक दिवस-रात्र ठेवावा. आतल्या बाजूला दव धरले, तर भिंत अजून ओली आहे.

भिंत सुकल्यावर माजघराला चुनाच द्यावा, असा माझा आग्रह आहे, कारण चुन्याच्या थरातून वाफ बाहेर पडू शकते. गिलावा उखडला असेल, तर तोही सिमेंटऐवजी चुन्याचा करावा. भिजवलेला कळीचा चुना कपड्याने गाळून दुधाइतका पातळ करावा, भिंतीवर थोडे पाणी शिंपडावे आणि कुंचल्याने तीन पातळ हात द्यावेत. पहिला हात ओला असताना जवळजवळ दिसतच नाही; म्हणून घाबरून जाड थर देऊ नये. सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पांढरा आणि घट्ट होत जातो. जुन्या इमल्शनवर मात्र चुना धरत नाही, तेव्हा भिंत आधी पूर्ण खरवडावी लागेल. चुना डोळ्यांना घातक असल्याने काम करताना चष्मा घालणे आवश्यक आहे.

प्रश्न : पुण्यातील आमच्या 1980च्या सुमाराच्या सदनिकेत स्वयंपाकघराच्या भिंतीवर जुना ऑइल पेंट आहे. तो पॉलिश पेपरने घासून नवा रंग द्यायचा आहे. घरात दोन वर्षांचे मूल आहे.

उत्तर : कोरडे घासू नका. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते अल्प प्रमाणातही अपायकारक असते. रंग घट्ट बसलेला असेल, तर पाणी लावून वॉटर पेपरने फक्त चकाकी जाईल इतकेच घासावे, चिखल ओल्या फडक्याने टिपून घ्यावा आणि ते फडके फेकून द्यावे. काम संपून फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसून होईपर्यंत मुलाला नातेवाइकांकडे ठेवावे.